लोखंडाचे चुंबकत्व आणि न्यूट्रॉनची साक्ष

तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की तार थोडीफार तापतेच. इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात आणि त्यांची काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यालाच आपण विद्युत् रोध म्हणतो. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. या गुणधर्माला अतिसंवाहकता असे नाव पडले. पुढे शिसे, कथिल, नायोबियम अशा अनेक धातूंत हा गुणधर्म आढळला. परंतु या यादीत लोखंड, कोबाल्ट आणि निकेल ही तीन ओळखीची नावे मात्र आली नाहीत. या तिन्ही धातूंचे वैशिष्ट्य तुम्हाला ठाऊकच आहे. ते चुंबकाला चिकटतात आणि स्वतःही चुंबक बनू शकतात.

हा निव्वळ योगायोग होता काय? जवळजवळ शंभर वर्षे शास्त्रज्ञांचे उत्तर ‘नाही’ असेच होते. २००८ साली मात्र या उत्तराचा पुन्हा विचार करावा लागला, आणि त्या फेरविचारात सर्वांत मोलाची साक्ष दिली ती न्यूट्रॉनने.

विळ्याभोपळ्याचे सख्य

चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे जमत नाही, हे प्रयोगांनी लवकरच दाखवून दिले होते. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांना १९३३ मध्ये असे आढळले की, अतिसंवाहक पदार्थ चुंबकी क्षेत्राला आपल्या अंतरंगातून बाहेर ढकलून देतो. क्षेत्र फारच प्रबळ असेल, तर अतिसंवाहकताच नष्ट होते. १९५८ मध्ये बर्न्ट मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनम या अतिसंवाहक धातूत गॅडोलिनियम या चुंबकी धातूची भेसळ करून पाहिली. शंभर अणूंत सुमारे एक गॅडोलिनियमचा अणू मिसळताच अतिसंवाहकता पार नाहीशी झाली.

असे का व्हावे? याचे उत्तर १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतात सापडते. एरवी दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, कारण दोघांवरही ऋण विद्युत् भार असतो. पण स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन आसपासच्या धन भारित अणूंना किंचित आपल्याकडे खेचतो. तो पुढे निघून गेला तरी जड अणू लगेच मूळ जागी परतत नाहीत. त्यामुळे तेथे क्षणभर धन भार थोडा अधिक राहतो आणि मागून येणारा दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे ओढला जातो. अशा रीतीने अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. सर्व जोड्या एका तालात वाहू लागल्या की रोध उरत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिशय लहान चुंबक असतो. त्याच्या या गुणाला ‘स्पिन’ किंवा परिवलन म्हणतात. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असतात. शेजारी एखादा चुंबकी अणू आला, तर त्याचा दोघांवर होणारा परिणाम सारखा नसतो, आणि जोडी फुटते. म्हणूनच नवे अतिसंवाहक शोधणाऱ्यांना मॅथियास यांचा सल्ला असे की, चुंबकी मूलद्रव्यांच्या वाटेला जाऊ नये.

लोखंडाने दिलेला धक्का

१९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांबे व ऑक्सिजनयुक्त संयुगांत बऱ्याच वरच्या तपमानाला अतिसंवाहकता आढळली. या संयुगांमध्येही चुंबकत्व जवळपास घुटमळताना दिसत होते. तरीसुद्धा लोखंडाकडे फारसे कोणी वळले नाही.

जपानमध्ये तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हिदेओ होसोनो यांचा गट वेगळ्याच कामात गुंतला होता. त्यांना पारदर्शक अर्धसंवाहक हवे होते. त्या ओघात २००६ मध्ये लँथॅनम, लोखंड, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग सुमारे ४ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, असे त्यांना दिसले. मग त्यांनी फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घातले आणि ऑक्सिजनच्या शंभर अणूंपैकी सुमारे अकरा काढून तेथे फ्लुओरीन भरले. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केले, की हे नवे संयुग २६ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. जगभर एकच धांदल उडाली. त्याच वर्षी चीनमधील शास्त्रज्ञांनी लँथॅनमऐवजी सॅमेरियम वापरून ५५ केल्व्हिनपर्यंत मजल मारली. जर्मनीत बेरियम, पोटॅशियम, लोखंड आणि आर्सेनिक यांच्या संयुगाने ३८ केल्व्हिन गाठले. तैवानमध्ये तर लोखंड आणि सेलेनियम या दोनच मूलद्रव्यांचे साधे संयुग ८ केल्व्हिनला अतिसंवाहक ठरले.

या सर्व पदार्थांत एक साम्य आहे. लोखंडाचे अणू एका सपाट थरात चौकटीचौकटीने मांडलेले असतात. त्या थराच्या खाली-वर आर्सेनिकचे, फॉस्फरसचे किंवा सेलेनियमचे अणू असतात. वीज वाहते ती या थरांतूनच.

येथे एक शंका कोणालाही येईल. या संयुगांत लोखंडाने आपले चुंबकत्व टाकून दिले असेल काय? तसे उदाहरण होतेही. सुमारे दीड लाख वातावरणांहून अधिक दाबाखाली शुद्ध लोखंड २ केल्व्हिनच्या खाली अतिसंवाहक होते, हे २००१ मध्ये जपानमध्येच दिसले होते. पण इतक्या दाबाखाली लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि ते चुंबकी राहत नाही. म्हणजे तेथे जुना नियम मोडला नव्हता. नव्या संयुगांतही असेच असेल, तर कोडे सुटले. पण लोखंड तेथेही चुंबकी असेल, तर मात्र नियमालाच धक्का बसतो. हे ठरवायचे कसे?

न्यूट्रॉनच का?

पदार्थाच्या आत एकेका अणूचा चुंबक कोणत्या दिशेला आहे आणि तो कसा हालतो, हे पाहण्यासाठी न्यूट्रॉनसारखे दुसरे साधन क्वचितच मिळेल. याची कारणे चार.

पहिले, न्यूट्रॉनवर विद्युत् भार नसतो. त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो. दुसरे, भार नसला तरी न्यूट्रॉन स्वतः एक छोटा चुंबक आहे. म्हणून अणूच्या चुंबकत्वाची त्याला जाणीव होते. तिसरे, न्यूट्रॉन हा कण असला तरी तरंगासारखाही वागतो. साध्या तपमानाच्या न्यूट्रॉनांची तरंगलांबी सुमारे १.८ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. स्फटिकातील शेजारी अणूंमधील अंतरेही साधारण एवढीच असतात. त्यामुळे स्फटिकावर पडलेले न्यूट्रॉन ठराविक कोनांतच जोराने विखुरतात, आणि त्या कोनांवरून आतली मांडणी काढता येते. या विखुरण्याला प्रकीर्णन म्हणतात.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते समजण्यासाठी ऊर्जेचा हिशेब रुपया-पैशांत करून पाहू. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा म्हणजे एक रुपया समजा. मग १० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक पैसा झाला. १.८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या क्ष-किरणाजवळ सुमारे ७ हजार रुपये असतात. तेवढ्याच तरंगलांबीच्या न्यूट्रॉनजवळ असतात फक्त अडीच पैसे! पदार्थातील चुंबकांना हालवायला साधारण पैसा-दोन पैसे खर्च येतो. सात हजारांतून एक पैसा गेला, तर तो हुडकणे फार कठीण. पण अडीच पैशांतील एक पैसा गेला, की ते ताबडतोब लक्षात येते. न्यूट्रॉन आत जाताना त्याच्याजवळ किती ऊर्जा होती आणि बाहेर येताना किती उरली, एवढे मोजले की मधल्या खर्चाचा हिशेब लागतो.

हा हिशेब मांडण्याची पद्धत कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी १९५० च्या दशकात बसवली. अणुभट्टीतून येणाऱ्या न्यूट्रॉनांतून एका स्फटिकाने ठराविक ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडायचे, ते नमुन्यावर सोडायचे आणि विखुरलेल्या न्यूट्रॉनांची ऊर्जा दुसऱ्या स्फटिकाने तपासायची, असे हे उपकरण आहे. दोन स्फटिक आणि मधला नमुना असे तीन आस असल्यामुळे त्याला त्रि-अक्ष वर्णपटमापक म्हणतात. न्यूट्रॉनांच्या साहाय्याने अणूंची आणि त्यांच्या चुंबकांची मांडणी शोधण्याचे काम अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी केले. या दोघांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विद्येचा आपल्याशीही जुना संबंध आहे. पी. के. अय्यंगार हे ब्रॉकहाउस यांच्याबरोबर चॉक रिव्हरला काम करून परतले, आणि मुंबईजवळ तुर्भे येथील अणुभट्ट्यांवर न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे काम उभे राहिले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ भट्टीवरही अशी उपकरणे आहेत.

पट्ट्यापट्ट्यांची रचना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००८ मध्येच अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी होसोनो यांच्या संयुगावर न्यूट्रॉनांचा झोत सोडला. प्रथम त्यांनी फ्लुओरीनची भेसळ नसलेला, म्हणजे अतिसंवाहक न होणारा मूळ पदार्थ घेतला. तो थंड होत असता सुमारे १५५ केल्व्हिनला त्याच्या स्फटिकाचा आकार किंचित बदलला. आणखी थंड केल्यावर, सुमारे १३७ केल्व्हिनच्या खाली, न्यूट्रॉन काही नव्या कोनांतही विखुरू लागले. याचा अर्थ उघड होता. लोखंडाच्या अणूंचे चुंबक आता एका शिस्तीत उभे राहिले होते.

ही शिस्त कशी असते? शाळेच्या मैदानावर कवायतीसाठी मुलांच्या रांगा उभ्या आहेत, अशी कल्पना करा. पहिल्या रांगेतील सर्व मुलांची तोंडे पूर्वेला, दुसऱ्या रांगेतील सर्वांची पश्चिमेला, तिसरीची पुन्हा पूर्वेला. लोखंडाचे चुंबक असेच पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले आढळले. जेवढे चुंबक एका दिशेला, तेवढेच विरुद्ध दिशेला. म्हणून एकूण बेरीज शून्य होते आणि हा पदार्थ खिळ्याप्रमाणे चुंबकाला चिकटत नाही. अशा चुंबकत्वाला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. न्यूट्रॉनला मात्र एकेक रांग दिसते.

म्हणजे लोखंडाने आपले चुंबकत्व टाकून दिले नव्हते. परंतु त्याच पदार्थात फ्लुओरीनची भेसळ करून तो अतिसंवाहक बनवला, तेव्हा ही पट्ट्यांची शिस्त नाहीशी झाली. जुन्या मताच्या शास्त्रज्ञांना यात समाधान वाटण्यासारखे होते. चुंबकत्व गेले आणि मगच अतिसंवाहकता आली! पण चुंबकत्व खरोखरच गेले होते काय?

जोंधळ्याच्या शेतातील लाट

शिस्त मोडली म्हणजे मुले मैदानातून निघून गेली, असे होत नाही. ती तेथेच असतात, फक्त सारखी इकडे-तिकडे वळत असतात. चुंबकांचेही तसेच असू शकेल. तेव्हा नुसती मांडणी पाहून भागणार नव्हते, हालचालही पाहावी लागणार होती.

भरल्या जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक गेली, की शेतभर एक लाट सरकताना दिसते. कणसे आपापल्या जागीच डुलतात, पण लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. रांगेत उभ्या असलेल्या अणुचुंबकांपैकी एक थोडा कलला, तर तो शेजाऱ्यालाही कलवतो आणि अशीच लाट निघते. तिला स्पिन-तरंग म्हणतात. न्यूट्रॉन आपल्या ऊर्जेचा काही भाग देऊन अशी लाट उठवू शकतो.

येथे एक अडचण येते. अणूंची साधी कंपनेही न्यूट्रॉनची ऊर्जा घेतात. मग ऊर्जा नेमकी कोणी घेतली, हे कसे ओळखायचे? त्याला एक खूण आहे. चुंबकत्वामुळे होणारे प्रकीर्णन न्यूट्रॉन जास्त वळला की कमी होत जाते, तर कंपनांमुळे होणारे प्रकीर्णन उलट वाढते. या फरकावरून दोन्ही वेगळी काढता येतात. काम सोपे नसते. न्यूट्रॉनचा झोत क्षीण असतो, म्हणून नमुना मोठा लागतो. पुष्कळदा अनेक लहान स्फटिक एकाच दिशेने जुळवून बसवावे लागतात, आणि मोजणी कित्येक दिवस चालते.

अशा मोजणीतून दिसले ते असे. मूळ पदार्थात स्पिन-तरंगांची ऊर्जा सुमारे २०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, आपल्या हिशेबाने वीस पैशांपर्यंत जाते. भेसळ करून पदार्थ अतिसंवाहक केला, तरी जास्त ऊर्जेची ही हालचाल जवळजवळ तशीच राहते. पट्ट्यांची शिस्त मोडली, पण चुंबक नाहीसे झाले नाहीत. त्यांची वळवळ चालूच असते, आणि तीही पट्ट्यांच्या मांडणीची आठवण ठेवून.

चौदा मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची खूण

चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच घरात राहतात, एवढे ठरले. पण त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार आहे काय? याचे पहिले उत्तर २००८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील ‘आयसिस’ या केंद्रात टंगस्टनवर वेगवान प्रोटॉनांचा मारा करून न्यूट्रॉन मिळवतात. तेथे ३८ केल्व्हिनला अतिसंवाहक होणाऱ्या बेरियम-पोटॅशियमयुक्त संयुगाची चूर्णरूपात तपासणी झाली. अतिसंवाहक अवस्थेत १४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गमावून येणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या एकदम वाढलेली दिसली. तपमान ३८ केल्व्हिनच्या वर नेताच ही वाढ नाहीशी झाली. शिवाय, ती दिसत होती ती पट्ट्यांच्या रचनेशी जुळणाऱ्या कोनांतच. या घटनेला अनुस्पंदन म्हणतात. तांब्याच्या अतिसंवाहकांत असेच अनुस्पंदन १९९१ मध्ये ४१ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टला आढळले होते.

याचे महत्त्व काय? क्वांटम यामिकीत इलेक्ट्रॉनांच्या जोडीचे वर्णन एका तरंगाने करतात, आणि तरंगाला उंचवटा असतो तसा खळगाही असतो. लोखंडाच्या या संयुगांत वीज वाहणारे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या संवेगांच्या दोन गटांत विभागलेले असतात. दोन गटांतील अंतर नेमके पट्ट्यांच्या रचनेशी जुळते. जोड्या अणूंच्या कंपनांमुळे जमत असतील, तर दोन्ही गटांत तरंगाचे चिन्ह एकच असेल, असे अपेक्षित होते. चुंबकी हालचालीमुळे जमत असतील, तर एका गटात ते धन आणि दुसऱ्यात ऋण असले पाहिजे, असे अमेरिकेतील इगोर मॅझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सांगितले होते. चिन्हे विरुद्ध असतील तर अनुस्पंदन स्पष्ट दिसावे, असे गणित होते, आणि ते दिसलेही.

कंपनांची बाजूही तपासली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी युरोपातील सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्येच बेरियम, लोखंड व आर्सेनिक यांच्या संयुगातील अणूंची कंपने न्यूट्रॉनांनी मोजली. होसोनो यांच्या संयुगासाठी दुसऱ्या एका गटाने केलेल्या गणितानुसार, केवळ कंपनांच्या बळावर अतिसंवाहकता आली असती तर ती जेमतेम १ केल्व्हिनपर्यंतच टिकली असती. प्रत्यक्षात ती २६ केल्व्हिनला होती.

साक्ष की योगायोग?

दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून एकीमुळेच दुसरी घडली असे म्हणता येत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, पण कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी उलट बाजूनेही परीक्षा घेतली. बेरियमच्या संयुगात निकेलची भेसळ वाढवत नेली, तर एका मर्यादेपलीकडे अतिसंवाहकता नाहीशी होते. अशा नमुन्याची तपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जास्त ऊर्जेची चुंबकी हालचाल शिल्लक होती, पण सुमारे ५० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालची हालचाल जवळजवळ संपली होती. कमी ऊर्जेची हालचाल गेली, तेव्हा अतिसंवाहकताही गेली होती. लोखंड-सेलेनियमच्या साध्या संयुगात नेहमीच्या दाबाला पट्ट्यांची शिस्त कधी दिसतच नाही. पण त्यातही ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अनुस्पंदन असल्याचे २०१६ मध्ये आढळले.

तरीही खटल्याचा निकाल लागला, असे सर्वांनी मानलेले नाही. चिन्हे विरुद्ध नसतानाही न्यूट्रॉनांच्या संख्येत अशी वाढ दिसू शकेल, असे काही सैद्धांतिक अभ्यासकांनी गणिताने दाखवले आहे. शिवाय लोखंडाच्या काही अतिसंवाहकांत इलेक्ट्रॉनांचा एकच गट असतो. तेथे दोन गटांचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही. तेव्हा बहुतेक पुरावा चुंबकी हालचालीच्या बाजूने आहे, पण सर्व संयुगांना लागू पडेल असा एकच सिद्धांत अजून सिद्ध झालेला नाही, असे म्हणणे योग्य होईल.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्रातील अतिसंवाहक चुंबक पुष्कळदा द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्व्हिनपर्यंत थंड ठेवावे लागतात, आणि हेलियम महाग आहे. अधिक तपमानाला चालणारे अतिसंवाहक हवे असतील, तर ते कोठे शोधायचे हे आधी कळले पाहिजे. पूर्वी उत्तर होते, चुंबकत्वापासून दूर. आता शोधणारे मुद्दाम अशा पदार्थांकडे वळतात, जेथे चुंबकत्वाची शिस्त नुकतीच मोडली आहे, पण चुंबकांची वळवळ थांबलेली नाही. गॅडोलिनियमचा एकटादुकटा, ताठ उभा राहणारा चुंबक जोडी फोडतो, हे मॅथियास यांचे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. मात्र सगळे अणू मिळून एका लयीत डुलत असतील, तर तेच चुंबक जोडी जुळवणारे मध्यस्थही होऊ शकतात, असे लोखंडाने दाखवले आहे.